चेंडूची वाट कोठे ठरते

अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या उत्तर पायथ्याशी, वेताळवाडीच्या किल्ल्याच्या नजरेखाली पसरलेल्या सोयगावच्या काळ्या शिवारात ज्वारी हुरड्यावर आली, की माळ्यावर उभे राहून पाखरे राखण्याचे काम आम्हां पोरांकडे येत असे, आणि त्या कामाचे आमचे एकमेव हत्यार म्हणजे गोफण. माझा गुंडा नेमलेल्या थव्याच्या सदैव उजवीकडे जाई. तो सरळ जावा म्हणून मी अधिक जोर लावी, फेरे वाढवी, आणि तो आणखीच दूर भरकटे. आमच्या शेतावरच्या वृद्ध सालदाराने हे दोन दिवस मुकाट्याने पाहिले आणि तिसऱ्या दिवशी एवढेच सांगितले, “पोरा, दोनच फेरे दे.” त्या सांगण्यातील गणित मला उमगले ते तीस वर्षांनंतर, पुण्यास वास्तव्य असताना हाती गोल्फचा क्लब आला आणि तेथेही चेंडू उजवीकडेच जाऊ लागला, तेव्हा.

ते गणित असे. गोफणीची एक दोरी बोटात अडकवलेली असते, दुसरी चिमटीत धरलेली. चिमूट सुटली की गुंडा वर्तुळ सोडून त्या क्षणीच्या स्पर्शरेषेने निघून जातो. सेकंदास तीन फेरे पडत असतील तर एका सेकंदात गोफण 1080 अंश फिरते, आणि चिमूट सुटण्यास एक शतांश सेकंदाची हयगय झाली तर दिशेत सुमारे 11 अंशांची चूक होते. पन्नास मीटरवर ती साडेनऊ मीटरांची. फेरे सेकंदास दोनवर आणले तर तेवढीच हयगय सव्वासहा मीटरांवर येते. थवा उडविण्यास एवढा फरक पुष्कळ झाला.

गोल्फ हा आपल्याकडे साहेबाच्या अमलाबरोबर आलेला खेळ. नाशिककरांच्या तोंडी अनंत कान्हेरे मैदानाचे ‘गोल्फ क्लब मैदान’ हे नाव अद्याप आहे, येरवड्याची हिरवळ पुणेकरांना बाहेरून तरी परिचित आहे, आणि 2021 साली भरलेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये पुण्याचे उदयन माने भारताकडून खेळले तेव्हा हा खेळ काही काळ मराठी घरांतल्या संभाषणातही आला. तरीसुद्धा स्वस्थ उभा असलेला चेंडू सरळ मारणे इतके दुर्घट का असावे, ही पाहणाऱ्याची शंका बहुधा अनुत्तरितच राहते.

चेंडूचे वजन जास्तीत जास्त 45.93 ग्रॅम आणि व्यास कमीत कमी 42.67 मिलिमीटर, ही नियमांनी घालून दिलेली हद्द. निष्णात खेळाडूच्या लांब फटक्यात क्लबचे डोके सेकंदास सुमारे पन्नास मीटर वेगाने येते, आणि त्याचा चेंडूशी संपर्क होतो अवघा अर्धा सहस्रांश सेकंद. म्हणजे क्लब जेमतेम अडीच सेंटिमीटर पुढे सरकतो तोवर चेंडूच्या पुढच्या दोनशे मीटरांच्या प्रवासाचा निकाल लागून गेलेला असतो. चेंडू केवळ एका अंशाने वाकडा निघाला तरी दोनशे मीटरवर तो साडेतीन मीटर बाजूला पडतो. त्यातही क्लब वरून खाली येण्यास लागणारा अवधी पाव सेकंदाच्या आसपास, आणि डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीला हाताने उत्तर देण्यास मनुष्यास लागणारा अवधी एक पंचमांश सेकंदाच्या घरात, असा हिशेब असल्यामुळे, वाटेत चूक ध्यानी आली तरी ती सुधारण्याची मुभा शरीराला जवळजवळ नसतेच. दुरुस्ती करावयाची ती स्विंग सुरू होण्यापूर्वी, निदान क्लब खाली वळण्यापूर्वी.

चेंडूशी संपर्काच्या क्षणी दोन गोष्टी निर्णायक ठरतात. क्लबच्या डोक्याची सपाट बाजू, जिला खेळाडू ‘फेस’ म्हणतात, ती कोणीकडे तोंड करून आहे, ही एक. आणि ते डोके कोणत्या मार्गाने चालले आहे, ही दुसरी. अनेक वर्षे शिक्षक असे शिकवीत आले, की चेंडू मार्गाच्या दिशेने निघतो आणि मग फेसच्या दिशेकडे वळतो. 2003 साली स्थापन झालेल्या डेन्मार्कच्या ट्रॅकमॅन कंपनीची रडारयंत्रे सरावाच्या मैदानांवर येऊन चेंडूचे उड्डाण प्रत्यक्ष मोजले जाऊ लागले, तेव्हा ही समजूत मोडीत निघाली. चेंडू निघतो तो मुख्यत्वे फेसच्या दिशेने. लांब पल्ल्याच्या ड्रायव्हर क्लबात त्या दिशेचा वाटा सुमारे 85 टक्के, लोखंडी क्लबांत सुमारे 75 टक्के. मार्ग आणि फेस यांच्यात जे अंतर पडते, त्यामुळे चेंडूच्या फिरकीचा अक्ष कलतो आणि चेंडू हवेत वळतो. फिरणाऱ्या चेंडूच्या एका अंगास हवेचा दाब कमी होतो आणि चेंडू त्या अंगास ढकलला जातो, ही मीमांसा मात्र जुनी आहे. टेनिसच्या वळणाऱ्या चेंडूविषयी न्यूटनने 1672 सालीच लिहिले होते, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एडिंबराचे प्राध्यापक टेट यांनी गोल्फच्या चेंडूवर त्याचा कसून अभ्यास केला.

आता उजव्या हाताने खेळणाऱ्या नवशिक्याची व्यथा पाहावी. त्याचा क्लब बाहेरून आत, म्हणजे लक्ष्याच्या डावीकडे, ओढला जातो आणि फेस त्या मार्गाच्या मानाने उघडा राहतो. चेंडू उजवीकडे वळत जातो, हीच ‘स्लाइस’. तो बिचारा स्वाभाविकपणे आणखी डावीकडे रोख धरतो. त्यामुळे मार्ग आणखी डावीकडे जातो, फेस व मार्ग यांतील अंतर वाढते, आणि चेंडू पूर्वीपेक्षा अधिक वळतो. हे चक्र मी स्वतः एक सबंध हिवाळा अनुभवले आहे, आणि त्या काळातली माझी खिन्नता मला आजही आठवते.

या चक्रातून बाहेर पडण्याची वाट पकडीपासून सुरू होते, असे माझे आता ठाम मत आहे. डावा हात क्लबवर किंचित उजवीकडे वळवावा, इतका की खाली पाहताना त्याची दोन-तीन बोटांची हाडे दिसावीत; म्हणजे फेस आपोआप बंद होण्याकडे झुकतो आणि मनगटांना अखेरच्या क्षणी काही सांभाळावे लागत नाही. नंतर कमरेपासून कमरेपर्यंतचा अर्धाच स्विंग, छोट्या क्लबाने, लक्ष्याची फिकीर न करता. फटका फेसच्या मध्यावर बसतो की नाही हेही तपासावे, कारण ड्रायव्हरच्या टोकाकडे लागलेला चेंडू वेगळीच फिरकी घेतो आणि खेळाडूला आपल्या मार्गाविषयी खोटी साक्ष देतो.

सुरुवातीस खेळ बिघडतो, हे मान्य करूनच हे काम हाती घ्यावे लागते. निक फाल्डो हा 1980च्या दशकातील नामवंत इंग्रज खेळाडू. डेव्हिड लेडबेटर या शिक्षकाच्या हाताखाली त्याने आपला स्विंग मुळापासून घडविण्यास घेतला तेव्हा जवळजवळ दोन वर्षे त्याची कामगिरी खालावली. 1987 साली मुअरफिल्डला ब्रिटिश ओपनच्या अखेरच्या दिवशी त्याने अठराही छिद्रे नेमक्या नियत फटक्यांत पुरी केली आणि एका फटक्याने ती स्पर्धा जिंकली. बेन होगनचा रोग उलटा होता. त्याचा चेंडू डावीकडे वळे, म्हणून त्याने पकड सैल नव्हे, तर उलट्या दिशेने वळवली, आणि आपले विवेचन 1957 साली ‘फाइव्ह लेसन्स’ या पुस्तकात मांडले. पण सर्वांत विलक्षण दाखला दक्षिण आफ्रिकेतील भारतीय वंशाच्या सेवसुंकर सेवगोलुम यांचा. उजव्या हाताने खेळणारा मनुष्य उजवा हात खाली धरतो. ते डावा हात खाली धरीत, म्हणजे पाठ्यपुस्तकाच्या अगदी विरुद्ध. तरी त्यांनी डच ओपन तीनदा आणि 1963 साली नाताळ ओपन जिंकले. आणि वर्णभेदाच्या त्या राज्यात विजयचषक त्यांना क्लबच्या इमारतीत नव्हे, तर बाहेर पावसात देण्यात आला. हा प्रसंग मला जितका संतापजनक वाटतो तितकीच त्यांची पकड अभ्यसनीय वाटते: ती विचित्र होती, पण प्रत्येक फटक्यास तीच होती, आणि म्हणून त्यांचा फेस प्रत्येक वेळी ओळखीच्या जागी येत असे.

मी फेब्रुवारीत पकड बदलली. तीन महिने माझे फटके पूर्वीपेक्षा आखूड पडले, काही जमिनीलगत सरपटत गेले, काही डावीकडे फार वळले; मी रोज पन्नासच चेंडू मारीत असे, आणि क्लब खाली येऊ लागण्यापूर्वी मनाशी सालदाराचे ते दोन फेरे म्हणत असे. पावसाळ्यानंतर चेंडू स्थिर झाला. तो सरळ जात नाही, आजही जात नाही. तो किंचित उजवीकडे निघतो आणि हळूच डावीकडे परत येतो, आणि दीडशे मीटरवर एका ओळखीच्या पट्ट्यात पडतो. सरावाच्या मैदानाच्या टोकाशी, झेंड्याच्या उजवीकडे एक जुना लिंब आहे. मी नेम त्या लिंबावर धरतो.