चेंबरचं पॅकिंग

पावसाळा सरला आणि वाडीतली गाडी बाहेर काढली, तर ती उभी होती तिथल्या चिऱ्यांवर बशीएवढा काळा डाग. गाडी १९९८ सालची मारुती ८००, वाडी नागावची, मागच्या बांधापलीकडे समुद्र. पंधरा वर्षं उलटल्यापासून दर पाच वर्षांनी पेणच्या आरटीओत नेऊन तिची नोंदणी नव्याने करून घेतो. म्हणजे तिला भंगारात घालायचा विचार नाही. गॅरेजवाला खाली वाकला आणि म्हणाला, ‘‘काका, चेंबर पॅकिंग गेलंय.’’ त्याने जोडावर बाहेरूनच सिलिकॉन फासलं. महिनाभरात डाग परत आला. मग हे काम मी स्वतः शिकलो, आणि आता किनाऱ्यावरच्या जुन्या गाडीवाल्या मंडळींना ते सावकाश सांगावंसं वाटतं.

चेंबर म्हणजे इंजिनाच्या बुडाला बोल्टांनी लटकवलेला पत्र्याचा कुंडा. इंजिनातलं सगळं ऑइल फिरून फिरून यात उतरतं आणि पंप जाळीतून ते पुन्हा वर ओढतो. कुंड्याची कड आणि वरचा ब्लॉक यांच्यामध्ये जी पट्टी असते ते पॅकिंग: जुन्या गाड्यांत कॉर्कचं, काहींत रबराचं, काहींत पट्टीच नाही, नुसतं सिलिकॉन. गाडी उभी असताना बहुतेक इंजिनांत ऑइलची पातळी या जोडाच्या खालीच असते. म्हणून किरकोळ गळती उभ्या गाडीपेक्षा चालून आलेल्या गाडीत जास्त दिसते. क्रँक फिरताना ऑइल उडतं, आतली हवा दाबाखाली असते, आणि कॉर्क वर्षानुवर्षांच्या उष्णतेने वाळून आकसलेला असतो. आपल्याकडे त्यात भर पडते ती खाऱ्या हवेची. ती कॉर्कला फार काही करत नाही, पण पत्र्याची कड आणि बोल्ट खाते. शिवाय रस्त्यातले खड्डे आणि गावोगावचे उंच गतिरोधक. चेंबर एकदा घासला की कड वाकते, आणि वाकलेल्या कडेवर नवं पॅकिंग किती दिवस टिकणार?

पण चेंबर उतरवण्याआधी गळती खरोखर तिथलीच आहे का, हे पाहायलाच हवं. ऑइल वरून खाली येतं आणि चालत्या गाडीत वाऱ्याने मागे पसरतं. थेंब सर्वांत खालच्या जागेवरून पडतो म्हणून दोष चेंबरवर येतो. टॅपेट कव्हरचं पॅकिंग, ऑइल प्रेशरचा स्विच, फिल्टर, डिस्ट्रिब्युटरची रिंग, क्रँकचे पुढचे-मागचे ऑइल सील हे सगळे संशयित आहेत. इंजिनाची खालची बाजू ब्रश आणि रॉकेलने धुवा, पुसून वाळू द्या, जोडावर टाल्कम पावडर भुरभुरा आणि आठ-दहा किलोमीटर चालवून आणा. पांढऱ्यावर काळी ओल कुठून सुरू होते ते टॉर्च लावून पाहा. ओल टॅपेट कव्हरपासून उतरत असेल तर काम तासाभराचं. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून येत असेल तर मागचं सील गेलंय, त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो आणि ते वेगळं प्रकरण आहे. रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवला तर थेंब कुठे पडतात हेही सकाळी कळतं.

आणखी एक तपासणी कोणी करत नाही, ती ब्रीदरची. सिलिंडरमधून थोडा वायू नेहमीच खाली निसटतो. तो बाहेर न्यायला एक नळी असते. ती काजळीने तुंबली की आतला दाब वाढतो आणि ऑइल मिळेल त्या फटीतून बाहेर पडतं. अशा गाडीत तीनदा पॅकिंग बदललं तरी ते गळेल. नळी काढून धुवा, फुंकून पाहा.

आता काम. गाडी सपाट, टणक जागी घ्या. वाडीतली पुळण चालणार नाही, जॅक त्यात रुततो. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना अटकण लावा आणि पुढची बाजू उचलून लोखंडी घोड्यांवर टेकवा. आपल्याकडे हाताशी चिरा असतो, तो खाली सरकवायचा मोह होतो. जांभा दगड भिंतीत भार सोसतो, पण जॅकच्या एका टोकाखाली तो अचानक फुटतो. चिऱ्यावर टेकवलेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका. हे मी कळकळीने सांगतो आहे.

बॅटरीची उणे वायर काढा. इंजिन कोमट असताना ड्रेन नट सोडा, कारण कोमट ऑइल गाळ घेऊन उतरतं. तापलेलं मात्र हात भाजतं. ऑइल दुधट दिसलं तर आत पाणी गेलेलं आहे, चकाकणारे कण दिसले तर बेअरिंग झिजतंय. दोन्ही बाबतींत पॅकिंगचं काम थांबवून आधी जाणकाराला दाखवा. काही गाड्यांत सायलेन्सरचा पुढचा पाइप, काहींत क्लचखालचा पत्रा आडवा येतो. त्याचे बोल्ट खाऱ्या हवेत गंजून घट्ट झालेले असतात. आदल्या रात्री त्यांवर गंज सोडवणारं तेल सोडा, जोर लावून तोडू नका.

चेंबरचे बोल्ट सहसा ६ मिलिमीटरचे, १० नंबरच्या पान्याचे. गोटी लावून सगळे थोडे थोडे सैल करा आणि समोरासमोरचे दोन शेवटपर्यंत ठेवा, नाहीतर चेंबर अंगावर येतो. पुठ्ठ्यावर चेंबरचा आकार काढून प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी टोचून ठेवला की लांब-आखूड बोल्टांचा घोळ होत नाही. चेंबर चिकटलेला असला तर बाजूने लाकडी हातोडीचे हलके ठोके द्या. फटीत पेचकस घालून उचकटू नका. वरचा पृष्ठभाग ॲल्युमिनियमचा असला तर त्यावर कायमचा ओरखडा उठतो आणि पुढे तिथूनच गळतं.

माझ्या गाडीचा चेंबर उतरला तेव्हा पंपाच्या जाळीवर सिलिकॉनच्या पट्ट्या अडकलेल्या दिसल्या. त्याआधी कधीतरी कोणीतरी पॅकिंगवर सिलिकॉन थापलं होतं, ते दाबून आत सुटलं आणि तुटून ऑइलमध्ये पडलं. जाळी तुंबली की ऑइल वर चढत नाही आणि इंजिन कोरडं घासतं. बाहेरचा डाग परवडला, पण हे नाही.

सगळ्यात जास्त वेळ साफसफाईला द्या. निम्मं काम तिथेच होतं. जुनं पॅकिंग प्लास्टिकच्या किंवा पितळेच्या पट्टीने खरवडा, मग पेट्रोलने पुसा, अर्थात आसपास आग नको. वेस्टचे धागे सुटून जाळीत जातात. त्यापेक्षा जुन्या धोतराचा धुतलेला तुकडा चांगला. मग चेंबरची कड काचेच्या तावदानावर पालथी ठेवून पाहा. बोल्टच्या भोकांभोवतीचा पत्रा पूर्वीच्या कोणीतरी आवळून आवळून वर ओढलेला दिसेल. कड सपाट लाकडावर ठेवून तो छोट्या हातोडीने हळूहळू परत बसवा. बाहेरून गंज असेल तर पॉलिश पेपरने घासून रेड ऑक्साइड मारा, कडेवर मात्र रंग नको. पेचकसाने टोचल्यावर पत्रा भुसभुशीत लागला तर दुरुस्ती विसरा, नवा चेंबर आणा. मारुती ८०० चं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं, पण तिचे असे भाग अजून मिळतात.

रबराचं पॅकिंग कोरडंच बसवायचं. सिलिकॉन लावलं तर ते सटकतं. कॉर्क जागेवर राहावा म्हणून चेंबरच्या बाजूने अगदी पातळ हात पुरे. दुकानात पडून आकसलेल्या कॉर्कची भोकं जुळत नसतील तर तो थोडा वेळ कोमट पाण्यात ठेवा, तो परत मापात येतो. वर ब्लॉक आणि पुढचं कव्हर जिथे भेटतात त्या कोपऱ्यांत मात्र सिलिकॉनचा एकेक ठिपका हवाच. नुसत्या सिलिकॉनवर बसणारा चेंबर असेल तर सुमारे ३ मिलिमीटर जाडीची अखंड रेघ काढा, प्रत्येक भोकाला वळसा घालून. सिलिकॉन हवेतल्या दमटपणानेच घट्ट होतं, म्हणून आपल्या किनाऱ्यावर ते लवकर साय धरतं. रेघ काढल्यावर चहाला जाऊ नका.

पॅकिंग शिवणाच्या दोऱ्याने दोन-चार भोकांत बांधलं तर चेंबर वर नेताना सरकत नाही. सगळे बोल्ट आधी बोटांनी लावा. मग मधून टोकांकडे, समोरासमोर, दोन फेऱ्यांत आवळा. ६ मिलिमीटरच्या बोल्टला साधारण ८ ते १० न्यूटन-मीटर, कॉर्कला त्याहून कमी. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा अंतिम माना. कॉर्क किंचित फुगून कडेला दिसला की हात थांबवा, चिरडला तर तो फुटला. नुसत्या हाताच्या अंदाजावर काम करणारे बहुतेक जण इथेच चुकतात: गळतंय म्हणून आणखी आवळतात, आणि आवळल्यामुळेच गळतं.

ड्रेन नटला नवा तांब्याचा वायसर, नवा फिल्टर, सिलिकॉन असेल तर दिवसभर थांबून मगच ऑइल. इंजिन सुरू केल्यावर ऑइलचा लाल दिवा काही सेकंदांत विझायला हवा. नाही विझला तर लगेच बंद करा. पाच मिनिटं चालवून, थोडं थांबून पट्टीवर पातळी बघा. कॉर्क असेल तर दोनेकशे किलोमीटरनंतर बोल्ट एकदा हलकेच तपासा.

उरलं ते काढलेलं जळकं ऑइल. ते ओहोळात, माडाच्या बुंध्याशी किंवा परसात ओतू नका. आपल्या वाड्यांची माती रेताड आहे, त्यात ओतलेलं थेट विहिरीकडे जातं आणि तेच पाणी आपण पितो. डब्यात भरून झाकण लावा आणि वापरलेलं ऑइल पुनर्प्रक्रियेला देणाऱ्या गॅरेजमध्ये नेऊन द्या.