हृदयाचा ताल आणि संगणकाचे गणित

आपल्यापैकी अनेकांचे आईवडील महिना-दोन महिन्यांसाठी सिंगापूरला येतात. अशा वेळी कोणाला धडधड झाली आणि ईसीजी पाहून डॉक्टर "ठोके अनियमित आहेत" म्हणाले, की घरात घबराट उडते. मी डॉक्टर नाही. पाया लेबारला नोकरी करणारा सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पण या विषयात संगणकाचाही वाटा आहे, तो थोडक्यात सांगतो.

ईसीजी म्हणजे हृदयातल्या विजेची जणू सावली. सारखीच सावली वेगवेगळ्या कारणांनी पडू शकते. संगणकाचे मॉडेल उलट जाते: आधी कारण धरायचे, मग त्यातून ताल कसा होईल ते गणिताने काढायचे. हृदयाच्या पेशीत सोडियम व कॅल्शियम आत येतात, पोटॅशियम बाहेर जाते. त्यातून ही वीज निर्माण होते. डेनिस नोबल यांनी १९६० साली लंडनमध्ये याची समीकरणे संगणकावर सोडवून दाखवली.

आता अख्खे हृदय संगणकात उभे करता येते. हार्ट अटॅकनंतर स्नायूवर व्रण राहतो. स्टेशनातला जिना बंद असला की गर्दी वळसा घेते, तशी वीज व्रणाभोवती हळू फिरते. ती परत येईपर्यंत तिथला स्नायू पुन्हा तयार झालेला असतो, म्हणून ती फिरतच राहते. हा अतिजलद ताल जीवघेणा ठरू शकतो. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील नतालिया त्रायानोवा यांच्या गटाने एमआरआयवरून प्रत्येक रुग्णाच्या हृदयाचे मॉडेल केले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ४१ रुग्णांच्या अभ्यासात, धोका कोणाला आहे हे त्याने नेहमीच्या निकषापेक्षा चांगले ओळखले. अर्थात ४१ ही संख्या लहानच.

यातून आपण काय घ्यायचे? योग्य माहिती दिली तरच मॉडेलचे उत्तर बरोबर येते, डॉक्टरांचेही तसेच. म्हणून आईवडिलांचे जुने ईसीजी, रक्ताचे रिपोर्ट आणि औषधांची यादी सोबत आणायला सांगा. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी पोटॅशियम उतरते, काही अँटिबायोटिक्सनेही ताल बिघडू शकतो. मात्र स्वतःहून गोळी बंद करू नका.

खर्चाचेही पाहा. मेडिशील्ड लाइफ नागरिक व पीआर यांनाच लागू आहे, पाहुण्यांना नाही. प्रवासविमा घेताना जुन्या आजाराची अट नीट वाचा. छातीत दुखले किंवा शुद्ध हरपली, तर कागद शोधत बसू नका; आधी ९९५ फिरवा.