पाण्यात बुडणारा मासा

नवी मुंबईची मेट्रो पेंधरला संपते. तिथून तळोज्याच्या जुन्या गावांकडे वळलात की इमारतींच्या मधूनच एखादं गावतळं डोकावतं. पावसाळ्यात त्याच्या काठावर कुणी गळ टाकून बसलेला असेल, तर त्याची नजर कुठे आहे ते बघा. तो पाण्यावर कसला तरी बुडबुडा शोधत असतो. पाणवेलीच्या आड 'बुळुक' झालं, एक वर्तुळ पसरलं, की तो अलगद उठतो आणि जिवंत बेडकी लावलेला गळ नेमका त्या बाजूला सोडतो.

ते 'बुळुक' म्हणजे मरळ. इथल्या आगरी बोलीत ळचा ल होतो, म्हणून मरल. आणि ती वर आली होती श्वास घ्यायला!

मासा आणि हवेतून श्वास? होय, आणि हौस म्हणून नव्हे. मरळीला वर येऊच दिलं नाही, पाण्याखाली जाळी अडवून ठेवली, तर ती गुदमरून मरते. मासा चक्क पाण्यात बुडतो!

कारण हिशेबाचं आहे. एक लिटर हवेत 200 मिलिलिटरहून जास्त प्राणवायू असतो. तळ्याच्या कोमट पाण्यात, अगदी भरपूर विरघळला तरी, लिटरमागे पाच-साडेपाच मिलिलिटर. उन्हाळ्यात पाणी आटलं, खाली पाला कुजू लागला, की तेवढाही उरत नाही. मग मरळीने काय केलं? कल्ल्यांच्या वर, डोक्यातच, एक पोकळी तयार केली. तिच्या आतल्या कातडीत रक्तवाहिन्यांचं दाट जाळं. वर येऊन हवेचा घोट घ्यायचा, तो त्या खोलीत कोंडायचा आणि खाली जायचं. फुप्फुसाचं काम मासा डोक्यात करतो!

आता पुढचं कोडं. मे महिन्यात तळ्याच्या कडेला भेगा पडतात, शेतं तर कोरडी ठणठणीत. तरी जुलैत भाताच्या खाचरात मासे खेळताना दिसतात. आले कुठून? मरळीपुरतं एक उत्तर पायाखालीच असतं: ती ओल्या चिखलात स्वतःला गाडून घेते आणि हवेवर दिवस काढते. पाऊस पडला की बाहेर. वेळ आलीच तर ओल्या जमिनीवरून अंग वळवत, सरपटत शेजारच्या डबक्यातही जाते.

बाकीचे मासे मात्र ओहोळातून चढून येतात. रायगड-ठाण्याकडे याला वलगण म्हणतात. पहिला दणदणीत पाऊस झाला, ओहोळांना लोंढा आला, की शिवडे, शिंगटी पोटात गाभोळी घेऊन प्रवाहाविरुद्ध चढतात, बांधावरून उड्या मारत शेतात शिरतात. रात्री बत्त्या घेऊन अख्खं गाव ओहोळावर.

पण माशाला कळतं कसं, की हाच तो पाऊस? पाणी गार होतं, क्षार पातळ होतात, प्रवाह अंगाला ढकलू लागतो. या खुणा मेंदूपर्यंत पोचतात आणि मेंदूच्या तळाशी, दाण्याएवढ्या एका ग्रंथीतून रसायन सुटतं. त्याने अंडी पिकतात. यावर विश्वास बसत नसेल तर ओडिशातल्या अंगुलचा 10 जुलै 1957 हा दिवस आठवा. तळ्यात कितीही पोसले तरी रोहू, मृगळ साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांना पूर हवा. मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधुरी यांनी माशांच्या त्याच ग्रंथीचा अर्क काढून सुईने टोचला आणि त्या माशांनी साठलेल्या पाण्यातच अंडी घातली. अख्खा पावसाळा एका सुईत मावला! म्हणून 10 जुलैला देशात मत्स्य शेतकरी दिन असतो.

तळोज्यात माशांच्या या वाटेचं दुखणंही आहे. औद्योगिक वसाहतीशेजारून वाहणारी कासाडी नदी 2017 मध्ये बातम्यांत आली ती निळ्या रंगाने माखलेल्या कुत्र्यांमुळे. अंगावर पाऊस ओळखणाऱ्या माशाला त्या पाण्यात काय कळत असेल, या विचाराने माझा जीव कासावीस होतो. आणि मला वाटतं, वलगणीच्या पहिल्या दोन-चार रात्री तरी जाळी घरी ठेवावी, माशांना अंडी घालू द्यावीत. इथल्या समुद्रात 1 जूनपासून दोन महिने यांत्रिक होड्या थांबतात, त्या याच हिशेबाने.

मरळीला मात्र पुराची गरज नाही. ती तळ्यातच पाणवेली बाजूला सारून थाळीएवढी जागा मोकळी करते. अंडी पिवळसर, तेलकट, पाण्यावर तरंगणारी. खाली आई-बाप पहारा देतात. पिल्लं निघाली की ती लालसर-नारिंगी, शेकडोंनी एकत्र, जणू पाण्यात कुणी कुंकू सांडलंय. हा लाल ढग तळ्यात फिरतो आणि पहारेकरी त्याच्या खालून. बेडूक, साप, कुणीही जवळ आलं की धडक.

एकदा काठावर मी जरा जोरात पाय टाकला. "हलू ये रं," गळवाला पुटपुटला. माशाच्या अंगावर कुशीने एक रेघ जाते, तिला पाण्यातली थरथर जाणवते. पावलाचा दणका काठावरून थेट तिच्यापर्यंत. मी उभा राहिलो. समोर पाण्यावर रिमझिम सुरू झाली. आकाश कोरडं होतं! नीट पाहिलं तर तो लाल ढग वर आला होता आणि शेकडो पिल्लं आपला आपला घोट घेत होती. मग त्यांच्या शेजारी मोठं 'बुळुक' झालं.

गळवाल्याने दोरी गुंडाळली आणि तो तळ्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसला.