हातभर उंची, खाली बर्फ

स्वीडनच्या अगदी उत्तरेला, किरुनाहून नार्विककडे खनिज वाहून नेणाऱ्या रेल्वेमार्गाजवळ स्टोर्डालेन नावाची एक दलदल आहे. जवळचं गाव आबिस्को. तिथे येणाऱ्या पर्यटकांना ध्रुवीय प्रकाश पाहायचा असतो. दलदलीकडे कोण बघणार? पण आबिस्कोच्या संशोधन केंद्रात 1913 पासून हवामानाच्या नोंदी होत आहेत, आणि 1970 च्या दशकापासून या दलदलीचा अभ्यास चालू आहे. पृथ्वीवरच्या फार थोड्या पाणथळ जागांची इतकी जुनी वही कोणी राखली असेल.

दलदल म्हटली तरी ती सपाट नाही. मध्येमध्ये हातभर, कुठे पुरुषभर उंचीचे उंचवटे आहेत. तिकडे त्यांना 'पाल्सा' म्हणतात. त्यांच्या पोटात बर्फ आहे, म्हणूनच ते वर उचलले गेले आहेत. जी जमीन सलग दोन वर्षं किंवा त्याहून जास्त काळ शून्य अंशाच्या वर जात नाही, तिला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. उन्हाळ्यात तिचा वरचा थर तेवढा वितळतो आणि हिवाळ्यात पुन्हा गोठतो. तो किती खोल वितळला हे मोजायला लोखंडी सळई पुरते. उन्हाळा सरता सरता ती जमिनीत खुपसायची. जिथे अडली, तिथे गोठलेली जमीन लागली. आबिस्कोच्या परिसरातल्या नऊ दलदलींमध्ये 1978 पासून अशी मोजणी झाली. वितळणारा थर सरासरी वर्षाला सुमारे एक सेंटिमीटरने वाढत गेला, आणि काही ठिकाणी तर सळई अडेनाशीच झाली.

हवा तापली म्हणून जमीन वितळली, इतकं हे सरळ असतं तर लेख इथेच संपला असता. पण एकाच हवेखाली, चार पावलांवर, वेगळा हिशेब दिसतो. उंचवट्यावर शेवाळ, दगडफूल आणि खुरटी झुडपं. खाली बर्फ शाबूत. शेजारच्या खळग्यात पाणी आणि कापूसगवत. तिथे पर्माफ्रॉस्ट खूप खोल गेलेला किंवा नाहीसाच झालेला.

याची किल्ली शेवाळात आणि त्याच्याखालच्या पीटमध्ये, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरात आहे. कोरड्या पीटमधून उष्णता फार सावकाश जाते, म्हणून उन्हाळ्याची ऊब वरच अडते. शरदात पीट भिजतं आणि मग गोठतं. बर्फ पाण्यापेक्षा जवळपास चौपट वेगाने उष्णता वाहून नेतो, त्यामुळे हिवाळ्याची थंडी त्याच थरातून बिनदिक्कत खाली उतरते. उन्हाळ्यात दार बंद, हिवाळ्यात उघडं. मात्र ही युक्ती चालायला उन्हाळ्यात पीट कोरडं हवं, आणि कोरडं राहायला हातभर उंची हवी. खळग्यातलं शेवाळ म्हणजे ओली गोधडी. ते कितीही जाड असलं तरी त्याचा आडोसा होत नाही.

उंचीचं दुसरं काम हिवाळ्यात. उंचवट्यावरचं हिम वारा उडवून नेतो आणि जमीन उघड्याने गारठते. खळग्यात हिम साठतं आणि पांघरूण बनून जमिनीची ऊब राखतं. स्टोर्डालेनच्या शेजारच्या स्टोरफ्लाकेत दलदलीत 2005 पासून कुंपणं घालून मुद्दाम दुप्पट हिम साठवलं गेलं. काही वर्षांतच तिथली जमीन अधिक खोल वितळली आणि कापूसगवत फोफावलं.

मग झुडपं भली की वाईट? इथे आपल्याला सायबेरियात जावं लागतं. याकुतियात इंदिगिर्का नदीच्या सखल प्रदेशात कितालिक अभयारण्य आहे. याकूत भाषेत कितालिक म्हणजे सायबेरियन क्रौंच. तिथे डच आणि रशियन संशोधकांनी 2007 मध्ये काही वर्तुळांतली खुरटी बर्च झुडपं कापली. सावली गेली. पुढच्याच उन्हाळ्यात जमीन सुमारे 9 टक्के अधिक खोल वितळली. पाचेक वर्षांत ती खचली, खळग्यांत पाणी साठलं, आणि मिथेन शोषणारी जमीन मिथेन सोडू लागली. उलट अलास्कात संशोधक मॅथ्यू स्टर्म यांनी दाखवलं की उंच झुडपं हिवाळ्यात हिम अडवून जमीन उबदार ठेवतात. दोन्ही खरं आहे. झुडूप किती उंच, जमीन किती कोरडी, खाली बर्फ किती, यावर निकाल ठरतो. 'झुडपं वाढल्याने पर्माफ्रॉस्ट वाचेल' किंवा 'बुडेल' असं ठामपणे सांगणाऱ्यांवर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

एकदा उंचवटा ढासळला की गाडी उतारावरून सुटते. पाणी भरतं, शेवाळाची जात बदलते, मग कापूसगवत आणि लव्हाळे येतात. चिखलात मुळं जगवायला त्यांच्या अंगात हवेच्या पोकळ नळ्या असतात. त्याच नळ्यांतून चिखलातला मिथेन थेट वर निसटतो. एरवी वाटेत तो फस्त करणाऱ्या जिवाणूंना बगल देऊन. स्टोर्डालेनची 1970 आणि 2000 ची छायाचित्रं ताडून पाहिली, तेव्हा या बदलामुळे तिथला मिथेन 22 ते 66 टक्के वाढला असावा असा अंदाज निघाला.

आबिस्कोचं वार्षिक सरासरी तापमान 1913 ते 2006 या काळात अडीच अंशांनी चढून शून्य ओलांडून गेलं आहे. म्हणजे नुसत्या हवेच्या जोरावर तिथे पर्माफ्रॉस्ट टिकण्याचं कारण उरलेलं नाही. उरलासुरला बर्फ पीट आणि शेवाळाने राखला आहे. यूरी शूर आणि टॉरे जॉर्गेन्सन या संशोधकांनी 2007 मध्ये पर्माफ्रॉस्टचे प्रकार पाडले, त्यांत अशा 'परिसंस्थेने राखलेल्या' पर्माफ्रॉस्टला वेगळी जागा दिली. जगाच्या हवामानाच्या प्रारूपांत मात्र एकेक चौकट बऱ्याचदा शंभरेक किलोमीटरची. तिला हातभर उंचवटा दिसणार कसा? उत्तरेच्या गोठलेल्या प्रदेशांतल्या मातीत वातावरणातल्या कार्बनच्या जवळपास दुप्पट कार्बन आहे, तेव्हा ही चूक किरकोळ नाही.

आपला याच्याशी संबंध गोव्यातून जातो: वास्कोचं ध्रुवीय संशोधन केंद्र आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड बेटांवरचं 'हिमाद्री' हे भारतीय केंद्र 2008 पासून चालवतं. आणि लडाखमधूनही जातो. त्सो कार खोऱ्यात गोठलेल्या गाभ्याचे, पण मातीचे, असेच उंचवटे अभ्यासकांनी नोंदवले आहेत. दरवर्षी मराठी मुलखातून कितीतरी गाड्या आणि बुलेटी तिकडे जातात. अलास्कातल्या टुंड्रावर 1940 च्या दशकात तेलशोधासाठी फिरलेल्या वाहनांच्या चाकोऱ्या अजून दिसतात: चाकाने झाडोरा चेपला, चाकोरीत पाणी साचलं, खालचा बर्फ गेला. त्सो कारला जाल तेव्हा फोटोसाठी गाडी हिरवळीवर घालू नका, रस्त्यावरच ठेवा.