ताटातला मासा आणि पाण्यातला पारा

कोल्हापूर हे तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचे गाव. परंतु दात सैल झालेल्या वृद्धाला मटणापेक्षा मासा अधिक मानवतो. आंबा घाटातून रत्नागिरीचा आणि गगनबावड्याकडून मालवणचा मासा आपल्या बाजारात येतो. ‘समुद्रात पारा आहे म्हणे, मासे बंद करू का?’ हा प्रश्न मात्र दवाखान्यात आता वारंवार ऐकू येतो. मासे बंद करू नयेत. कोणता मासा कोणाच्या ताटात वाढला जातो, एवढे अवश्य पाहावे.

भीती अगदीच निराधार नाही. ठाण्याची खाडी व उल्हास नदीचे मुख येथील गाळात कारखान्यांतून आलेला पारा संशोधकांना आढळला आहे. लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याविषयी दाभोळ खाडीतील मच्छीमारांची तक्रारही जुनीच आहे. गाळातील जिवाणू पाऱ्याचे मिथिल-पाऱ्यात रूपांतर करतात. लहान माशाला मोठा मासा खातो, तसतसे त्याचे प्रमाण वाढत जाते. म्हणूनच मांदेली, तारली, बांगडा यांत तो अल्प असतो. मोरी, थोराड सुरमई व कुप्पा यांत अधिक.

हा पारा मांसातील प्रथिनांना घट्ट चिकटलेला असतो. हळद-मीठ चोळून, कोकम लावून, तळून वा उकळून तो निघत नाही. कॅडमियम मात्र खेकडा व माकूल यांच्या पोटातील ग्रंथींत साठते, तेव्हा तो भाग साफ करताना काढून टाकता येतो. एकदा शरीरात गेलेले कॅडमियम मूत्रपिंडात दशकानुदशके राहते. क्रिएटिनीन वाढलेल्यांनी खेकड्याच्या कवचाखालच्या तपकिरी गराचा मोह सोडावा, तो कितीही चविष्ट असला तरी.

खरी काळजी मात्र घरातील सुनेची, लेकीची आहे. दूध उतरावे म्हणून बाळंतिणीला मोरी खाऊ घालण्याची कोकणातील चाल घाटावरच्या काही घरांतही आहे. जपानमधील मिनामाता येथे 1956 साली उघडकीस आलेल्या विषबाधेत आईला फारसा त्रास नसतानाही बाळे मेंदूला इजा होऊन जन्मली. तेथील प्रदूषण आपल्या किनाऱ्याहून कितीतरी भयंकर होते, हे खरे. तरीही गर्भवतीला व अंगावर पाजणाऱ्या आईला मोरीऐवजी बांगडा द्यावा. प्रथिने तितकीच मिळतात. आजवर मोरी खाल्ली असेल तर घाबरू नये: शरीरातील मिथिल-पारा साधारण दीड-दोन महिन्यांत निम्मा होतो. त्यासाठी जाहिरातीतील ‘डिटॉक्स’ची गरज नाही.

आजोबांच्या पायांना मुंग्या येत असतील, तर दोष माशावर ढकलण्याआधी रक्तातील साखर आणि बी-12 तपासावे. कारण बहुधा तेथेच सापडते. आठवड्यातून दोनदा मासा पुरे. लहान माशांत काटे फार ही तक्रार रास्त आहे. बांगड्याचा मधला काटा वाफवल्यावर सहज सुटतो. गर बोटांनी चाचपून, मऊ भातात कालवून भरवावा.