सुट्टीच्या अलीकडचा दिवस

सन २०२५ चा मार्च महिना ज्यांनी शिरूर-दौंडच्या परिसरात विकास सोसायटीच्या देण्याची चिंता वाहत काढला, त्यांच्या स्मरणातून त्या महिन्याचे शेवटचे दिवस सहजासहजी जाणार नाहीत. २९ तारखेला शनिवार, ३० ला रविवार आणि त्याच दिवशी गुढीपाडवा, ३१ ला रमजान ईद, आणि १ एप्रिलला बँकांची वार्षिक हिशेबबंदी. म्हणजे ज्या तारखेचे नाव घेऊन वर्षभर वसुलीचे तगादे लागतात, तीच ३१ मार्च ही तारीख सुट्ट्यांच्या मधोमध येऊन बसली होती. महिनाअखेरचा शनिवार म्हणजे बँक बंदच, अशी पुष्कळांची समजूत. परंतु तो महिन्यातला पाचवा शनिवार असल्यामुळे कामाचा दिवस होता, आणि ज्याने दिनदर्शिका नीट वाचली होती त्याच्या पदरात तो पडला. सरकारी भरणा स्वीकारणाऱ्या शाखा ३१ ला उघड्या ठेवाव्यात असा हुकूम रिझर्व्ह बँकेने काढला होता हे खरे. पण तो सरकारी जमाखर्चाच्या सोयीसाठी होता, गावोगावच्या प्रत्येक शाखेचा गल्ला त्यामुळे उघडणार नव्हता.

बँकेची सुट्टी ही व्यवस्थापकाच्या मर्जीची बाब नव्हे. तिचे मूळ १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमात, त्याच्या २५ व्या कलमात आहे. या कलमाखाली राज्य शासन दर वर्षी सार्वजनिक सुट्ट्यांची अधिसूचना प्रसिद्ध करते. तिच्यात भर पडली ती १ सप्टेंबर २०१५ पासून, जेव्हा दुसरा व चौथा शनिवार सर्व बँकांना, सहकारी बँकांनाही, सुट्टीचा ठरला आणि पहिला, तिसरा व पाचवा शनिवार पूर्ण कामाचा झाला. कचेरीची सुट्टी आणि बँकेची सुट्टी एकच असते असे मानणारा मात्र फसतो. १ एप्रिलला तहसील कचेरीचे कामकाज चालू असते आणि बँक गिऱ्हाइकांना बंद असते. उलट भाऊबिजेला कचेरीला कुलूप असते आणि बँक उघडी असू शकते, जशी ती २०२५ साली २३ ऑक्टोबरला होती. टपाल कार्यालयाचा हिशेब आणखी निराळा: दुसऱ्या-चौथ्या शनिवारचा नियम त्याला लागू नाही, म्हणून ज्याचे बचत खाते टपालात आहे त्याला त्या दिवशीही आपले पैसे काढता येतात.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की एकाच सुट्टीचा न्याय सर्व व्यवहारांना सारखा लागत नाही. वचनचिठ्ठीची मुदत सुट्टीच्या दिवशी भरत असेल, तर कायद्याने ती आदल्या कामाच्या दिवशी देय ठरते. मुदतठेव सुट्टीच्या दिवशी पिकली, तर पैसे पुढच्या कामाच्या दिवशी मिळतात आणि मधल्या दिवसांचे व्याज ठरल्या दरानेच द्यावे लागते, म्हणून ठेवीदाराचे त्यात नुकसान नाही. कर्जाचा हप्ता मात्र मागेही सरकत नाही आणि पुढेही सरकत नाही. खात्यातून परस्पर हप्ते वळते करणारी व्यवस्था पूर्वी बँकांच्या कामाच्या दिवशीच चाले. १ ऑगस्ट २०२१ पासून ती आठवड्याचे सातही दिवस चालते. रांजणगाव किंवा कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करणाऱ्या तरुणाने दुचाकीच्या हप्त्याची रक्कम रोख जमवली, आणि हप्त्याची तारीख रविवारी आहे तेव्हा सोमवारी भरू असे म्हटले, तर रविवारीच मागणी येऊन खाते अपुरे ठरते, आणि दंड त्याच्या माथी बसतो. त्याच्या हातात पैसे होते. ते स्वीकारणारी खिडकी तेवढी बंद होती.

मला या विषयात जे सांगायचे आहे ते एवढेच, की सुट्टी आता पैशाला उरलेली नाही, ती केवळ खिडकीला उरली आहे. एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस १४ डिसेंबर २०२० पासून अहोरात्र चालू आहे. मोबाइलवरून पाडव्याच्या पहाटेही पैसे जातात. ज्याच्या हाती ही साधने आहेत त्याला बंद दरवाजा जाणवत नाही. जाणवतो तो कांद्याची पट्टी रोखीने घेऊन शिरूर-घोडनदीच्या बाजारातून निघालेल्या शेतकऱ्याला, किंवा पासबुक पिशवीत जपून दौंडच्या बँकेच्या पायरीवर बसलेल्या वृद्धेला.

दौंड हे रेल्वेचे गाव, आणि तेथील कित्येक घरे निवृत्तिवेतनावर चालतात. केंद्राचे निवृत्तिवेतन एरवी महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी जमा होते. मार्चचे मात्र एप्रिलच्या पहिल्या कामाच्या दिवशी. १ एप्रिलला बँक बंद, म्हणजे किराणा आणि औषधे यांची बेगमी त्या महिन्यापुरती दोन-चार दिवस अधिक पुरेल अशी आधीच करून ठेवणे हा शहाणपणाचा भाग होय.

शेतकऱ्याच्या बाबतीत तर एका दिवसाचे मोल फार मोठे आहे. पीककर्ज मुदतीत फेडणाऱ्याला केंद्राची व्याजसवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून तीन लाख रुपयांपर्यंत व्याजाचा भार उरत नाही. मुदत टळली की ही सवलत हातची जाते. खरिपाच्या कर्जाची मुदत पुष्कळ ठिकाणी ३१ मार्चची असते. त्या दिवसाच्या आसपास शाखेत गेल्यास काय दिसते? भरणा पावतीवर पाचशेच्या, दोनशेच्या, शंभराच्या नोटांचे रकाने भरताना बेरीज चुकते, दोरीने बांधलेले पेन रांगेत हातोहात फिरते, आणि रोखपालाचा शिक्का पावतीवर उमटेपर्यंत माणसाचा जीव थाऱ्यावर नसतो. कारखान्याने ऊस तोडून नेल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यावेत असा १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. पण त्या पैशाच्या भरवशावर ३१ तारीख धरून बसणे धोक्याचे.

धनादेशाचीही अशीच दक्षता घ्यावी. ४ ऑक्टोबर २०२५ पासून धनादेश वटण्यास पूर्वीसारखे दिवस लागत नाहीत, तो कामाच्या दिवशी काही तासांतच मार्गी लागतो. परंतु शुक्रवारी सायंकाळी व्यापाऱ्याकडून घेतलेला धनादेश दुसऱ्या शनिवारला ओलांडून सोमवारशिवाय बँकेच्या हाती पडत नाही. शिवाय तारखेपासून तीन महिन्यांनी तो निर्जीव होतो, हेही विसरू नये.

तेव्हा उपाय काय? वर्षारंभी शासनाची सुट्ट्यांची यादी मिळवून ती घरच्या दिनदर्शिकेवर उतरवावी. दुसरा व चौथा शनिवार लाल शाईने आणि पाचवा शनिवार असेल तर निळ्या शाईने दाखवावा. मग आपल्या देण्याच्या तारखा, कर्जाचा हप्ता, विम्याची रक्कम, सोसायटीची फेड, त्याच पानावर लिहाव्यात, आणि प्रत्येक तारखेवरून मागे मोजत जाऊन बँक निश्चित उघडी असेल असा तिच्या अलीकडचा दिवस शोधावा. आपली खरी मुदत तीच, कागदावरची नव्हे. खात्यात एका हप्त्याएवढी शिल्लक कायम ठेवावी. सणाच्या जोडसुट्टीत एटीएम यंत्रातली रोकड संपण्याचा संभव असतो, म्हणून घरखर्चापुरते पैसे आधीच काढावेत. यंत्राने खात्यातून रक्कम वजा केली आणि नोटा दिल्या नाहीत, तर पाच दिवसांत ती परत जमा झाली पाहिजे, आणि त्यानंतरच्या प्रत्येक दिवसामागे शंभर रुपये भरपाई मिळते, हेही माहीत असू द्यावे.

पूर्वी आमच्याकडे पेरणीचा विचार नक्षत्रांवरून होई आणि मृगाच्या आधी बियाणे घरात आलेले असे. पाऊस पडल्यावर बियाण्याच्या शोधात निघणाऱ्याला कोणी शहाणा म्हणत नसे. ज्या घराला ही रीत ठाऊक आहे, त्याला बँकेची तारीख सांभाळणे अवघड जाऊ नये. त्या मार्चच्या २९ तारखेला ज्यांनी भरणा केला, ते दुसऱ्या दिवशी निश्चिंत मनाने गुढी उभारू शकले.