कॅनडातील शुश्रूषेचे भिजत घोंगडे

कॅनडात हृदयशस्त्रक्रियेसाठी रुग्णाला रुग्णालयाचे बिल भरावे लागत नाही. मात्र तोच रुग्ण पुढे अंथरुणाला खिळला, तर शुश्रूषेचा भार कोणी किती उचलायचा, हे तो कोणत्या प्रांतात राहतो यावर ठरते. या विसंगतीचे मूळ १९८४ च्या कॅनडा आरोग्य कायद्यात आहे. रुग्णालय व डॉक्टर यांच्या सेवेची त्याने हमी दिली. शुश्रूषागृहे आणि घरपोच शुश्रूषा यांना 'विस्तारित सेवा' म्हणून हमीबाहेर ठेवले.

२००२ मध्ये रोमानो आयोगाने घरपोच शुश्रूषेचा काही भाग हमीत आणण्याची शिफारस केली. २००४ च्या करारात रुग्णालयातून घरी परतलेल्यांसाठी दोन आठवड्यांच्या मोफत शुश्रूषेवर सहमती झाली. वर्षानुवर्षे लागणारी शुश्रूषा, म्हणजे खरा प्रश्न, तसाच राहिला.

अडचण अधिकारांची आहे. आरोग्यसेवा चालवणे प्रांतांकडे, केंद्राच्या हाती निधी. प्रांत म्हणतात, पैसा द्या, अटी नकोत. क्यूबेकने तर २००४ मध्ये स्वतंत्र करारच करून घेतला. विनाअट दिलेला पैसा भलतीकडे वळेल, ही केंद्राची भीती. दोन्ही बाजू अगदीच चुकीच्या नाहीत, म्हणूनच तोडगा निघत नाही.

२०२० मध्ये कोरोनाच्या पहिल्या लाटेतील सुमारे ८० टक्के मृत्यू शुश्रूषागृहांतील रहिवाशांचे होते. ओंटारिओ व क्यूबेकमध्ये लष्कर पाचारण करावे लागले. त्यानंतर, जानेवारी २०२३ मध्ये, राष्ट्रीय मानके प्रसिद्ध झाली, तीही ऐच्छिक! प्रत्येक रहिवाशाला रोज किमान चार तास प्रत्यक्ष शुश्रूषा मिळावी, असे ती सांगतात. त्यासाठी लागणाऱ्या परिचारिकांचे वेतन कोणी द्यायचे, यावर मात्र ओटावा आणि प्रांत यांचे गणित अजून जुळलेले नाही.